अक्षरांचं विश्वस्तपण

बागलाणात मोसम नदीच्या काठी वसलेलं नामपूर हे बाजाराचं गाव. बाजार समितीच्या आवारात कांद्याचे लिलाव होतात, डाळिंबाचे सौदे होतात, आसपासच्या खेड्यांतली माणसं आपली कामं इथेच उरकून घेतात. बाजार आला की कागद आलाच. लग्नपत्रिका, दहाव्याचे निरोप, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हरिनाम सप्ताहाची पत्रकं. अशा गावांतला हा सगळा मजकूर डीटीपीच्या एखाद्या लहानशा दुकानात जुळवला जातो. तिथे एक-दोन डेस्कटॉप असतात. त्यांवर पेजमेकर किंवा कोरलड्रॉ, जोडीला मराठी लिहिण्यासाठी श्रीलिपी किंवा आयएसएम, आणि या सगळ्याच्या बुडाशी विंडोजची कुठली तरी आवृत्ती.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा नियमित आधार थांबवला. पुढची आवृत्ती, विंडोज 11, घ्यायची तर संगणकात टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही साधारण 2017-18नंतरचा लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी असंख्य यंत्रं एका दिवसात नियमाबाहेर गेली. ज्याचं पोट अशा यंत्रावर आहे त्याच्यापुढे तीन वाटा उरल्या. नवा विंडोज संगणक घ्यावा, उडी मारून अ‍ॅपलच्या मॅककडे जावं, किंवा जुन्याच यंत्रावर लिनक्स बसवावं. चौथी वाट म्हणजे काहीच न करणं, आणि बहुतेक जण आधी तीच धरतात.

वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न आहे. किमती मांडाव्यात, सोयी-गैरसोयी लिहून काढाव्यात आणि निर्णय घ्यावा. पण वीस-पंचवीस वर्षं एका यंत्रणेवर काम केलेल्या माणसाशी हा विषय काढला तर बोलणं किमतींवर थांबत नाही. आवाज चढतो. निष्ठा, सवय, स्वाभिमान, फसवणुकीची भीती असे शब्द येतात. जणू घरातलं दैवत बदलण्याची गोष्ट चालली आहे. त्या माणसाचा हा अनुभव खराच आहे. कारण माझं काम कोणतं, त्याचं साधन कोणतं आणि या दोहोंतली रेषा कुठे पडते, हा प्रश्न इथे नकळत उभा राहतो, आणि तो भारतीय तत्त्वचिंतनातल्या सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी आहे.

संगणकाच्या यंत्रणांना धर्माची उपमा देणारे पुष्कळ झाले. इटालियन कादंबरीकार आणि चिन्हशास्त्रज्ञ उंबेर्तो एको यांनी 1994मध्ये एका साप्ताहिकातल्या सदरात मॅकला कॅथलिक आणि विंडोजच्या आधीच्या डॉसला प्रॉटेस्टंट म्हटलं होतं. मॅक भक्ताला पायरी-पायरीने मुक्तीपर्यंत नेतो. डॉस मात्र प्रत्येकाने स्वतःच ग्रंथाचा अर्थ लावावा अशी अपेक्षा धरतो, आणि सगळेच तरतील याची हमी देत नाही. विंडोजला त्यांनी अँग्लिकन पंथासारखं ठरवलं: देवळात थाटमाट, पण मागच्या दाराने पुन्हा डॉसकडे जायची मुभा. अ‍ॅपलमध्ये गाय कावासाकी यांच्या हुद्द्यातच ‘इव्हँजेलिस्ट’, म्हणजे धर्मप्रचारक, हा शब्द होता. आणि अमेरिकेतल्या एमआयटीमधले रिचर्ड स्टॉलमन यांनी 27 सप्टेंबर 1983 रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली ती तर उघड नैतिक भूमिकेतूनच. त्यांच्या मते प्रोग्रॅम चालवण्याचं, तपासून बदलण्याचं, वाटण्याचं आणि बदललेलं पुन्हा वाटण्याचं स्वातंत्र्य वापरणाऱ्याला नसेल, तर तो वापरणारा पराधीन आहे. त्यांच्या या विचाराला बळ देणारा प्रसंग छपाईचाच होता. प्रयोगशाळेतल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना तशी सूचना मिळावी, एवढी साधी दुरुस्ती त्यांना करायची होती. त्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मिळाला नाही आणि दुरुस्ती राहूनच गेली.

असा आवेश येतो कुठून? त्याचं पहिलं मूळ हातांत आहे. रेमिंग्टन टंकलेखनाच्या वळणावर तयार झालेली बोटं विचार न करता अक्षर शोधतात. इनस्क्रिप्टवर शिकलेली बोटं दुसऱ्या जागी जातात. ध्वनीनुसार इंग्रजी कळांवरून मराठी लिहिणाऱ्यांची वळणं आणखी वेगळी. ही ओळख शब्दांत सांगता येत नाही, ती संस्कारासारखी अंगात मुरलेली असते. यंत्रणा बदलणं म्हणजे आयुष्यभर कमावलेलं हे कौशल्य काही काळ बाजूला ठेवून पुन्हा शिकाऊ होणं. समोर गिऱ्हाईक उभं आहे, तिथी ठरली आहे, पत्रिका संध्याकाळपर्यंत हवी आहे, अशा वेळी शिकाऊ होणं कुणालाच परवडत नाही. त्या माणसाच्या हट्टाला अडाणीपणा म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

इथे गीतेतला एक विचार आठवतो. दुसऱ्याचा धर्म कितीही चांगला आचरता आला तरी आपला उणा असलेला धर्मच बरा, असा तो विचार तिसऱ्या अध्यायात येतो आणि अठराव्यात पुन्हा येतो. खानदेश-बागलाणच्या पट्ट्यात या विचाराला एक खास जवळीक आहे. 1932मध्ये धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळातल्या अठरा रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक सिद्ध झालं. ऐकणारे त्यांचे सहकैदी होते. विनोबा त्यांना सांगतात की स्वधर्म शोधायला कुठे जावं लागत नाही, तो जन्माबरोबर, परिस्थितीबरोबर आपल्याकडे चालत येतो. आई काही कुणी निवडून घेत नाही.

हा विचार घाईने लावला तर उत्तर सोपं होतं. पंचवीस वर्षं विंडोजवर काम केलं, तेच चालत आलं, तेव्हा तोच स्वधर्म. मॅक आणि लिनक्स हे परधर्म, त्यांच्या वाटेला जाऊ नये. पुष्कळ जण नेमकं असंच म्हणतात, शब्द तेवढे वेगळे असतात.

पण विनोबा तिथे थांबत नाहीत. अठराव्या अध्यायावरच्या प्रवचनात ते स्वधर्मातही टिकणारा आणि बदलणारा असे भाग दाखवतात. ब्रह्मचर्याचा धर्म गृहस्थाश्रमात तसाच राहत नाही, आणि वानप्रस्थात गृहस्थाचा धर्म सुटतो. जो भाग बदलायला हवा त्याला कवटाळून बसणं हीसुद्धा स्वधर्माची हानीच. म्हणजे प्रश्न एक पायरी पुढे सरकतो. डीटीपी करणाऱ्या माणसाच्या धर्मात टिकणारं काय आणि बदलणारं काय?

त्याचं उत्तर तो बसतो त्या खुर्चीकडून पाहिलं तर सापडत नाही, कागद ज्याच्या हातात जातो त्याच्याकडून पाहिलं तर सापडतं. माणसांनी सांगितलेला मराठी मजकूर शुद्ध, सुबक आणि वाचता येईल असा करून दुसऱ्या माणसांपर्यंत पोचवणं, हे त्या कामातलं टिकणारं. खिळे गेले, स्टेन्सिल गेली, तरी ते उरलंच. पेजमेकरचंच उदाहरण घ्यावं. 1985मध्ये ऑल्डस कंपनीने तो आणला, 1994मध्ये अ‍ॅडोबीने ती कंपनी घेतली, 2001मध्ये पेजमेकर 7 निघाला आणि ती शेवटची मोठी आवृत्ती ठरली. आज त्याच्यावर बेतलेली सवय चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी थांबलेल्या एका साधनाशी बांधलेली आहे. साधन थांबलं, काम थांबलं नाही.

मराठी अक्षरांच्या बाबतीत ही साधनाशी बांधलेली गाठ फार खोल गेली आणि त्याला कारणही प्रामाणिक होतं. 1980-90च्या दशकांत संगणकाच्या एका फाँटमध्ये जेमतेम 256 घरं असत आणि ती इंग्रजीला धरून आखलेली होती. पुण्याच्या सी-डॅकमधल्या आणि श्रीलिपी करणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकमधल्या अभियंत्यांनी त्या तुटपुंज्या जागेत मराठीची जोडाक्षरं, रफार, मात्रा, वेलांट्या बसवून दाखवल्या. मराठी छपाई संगणकावर आली ती या खटपटीमुळेच, आणि ते ऋण मोठं आहे. मात्र त्यात एक तडजोड होती. अशा फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसतं, पण संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरं किंवा खुणाच असतात. हिंदी पट्ट्यात रूढ झालेल्या कृतिदेव फाँटमधला ‘क’ हा संगणकासाठी इंग्रजी ‘डी’ असतो. फाँट काढून घेतला की मजकुराचा अर्थहीन चिखल होतो. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, म्हणून एकीचा मजकूर दुसरीला परका.

युनिकोडने ही अडचण मुळातून सोडवली. 1991मध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीपासूनच त्यात देवनागरीला स्वतःची जागा आहे. तिथे ‘क’ हा ‘क’च असतो, फाँट कोणताही असो, यंत्रणा कोणतीही असो. विंडोज 2000बरोबर ‘मंगल’ हा फाँट घरोघरी पोचला. तो घडवला आयआयटी मुंबईत पूर्वी शिकवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. 2003मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडवरच. तरीही गावोगावच्या दुकानांत जुना मजकूर जुन्या मांडणीतच राहिला. पेजमेकरला युनिकोडमधलं देवनागरी कळत नव्हतं आणि पेजमेकर सोडायला कुणी तयार नव्हतं.

अक्षरं अशी कोंडली जाण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या शिकवणुकीतून उभ्या राहिलेल्या महानुभाव पंथाने मराठी गद्याला ‘लीळाचरित्र’ दिलं. पुढच्या काळात पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहायला सुरुवात केली. हेतू रक्षणाचा होता. पवित्र वाङ्मय नको त्या हातांत पडू नये ही त्यामागची तळमळ होती, आणि ग्रंथ जपलेही गेले. पण त्याची किंमत अशी झाली की मराठीतलं हे आद्य धन बाकी मराठी माणसांना कित्येक शतकं वाचताच आलं नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी लिपींची उकल करून ते वाचकांपुढे आणलं, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. किल्ली पंथाकडे शाबूत होती म्हणून उकल झाली. फाँटची किल्ली एखाद्या कंपनीकडे असते, आणि कंपनीला पंथाइतकं दीर्घ आयुष्य असेल याची खात्री कुणी द्यावी?

मोडीची गोष्ट आणखी बोलकी आहे. शतकानुशतकं महाराष्ट्राचा कारभार मोडीत चालला. 1805मध्ये मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं ते देवनागरीत, आणि छापखान्यांनी हळूहळू बाळबोध लिपीच धरली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळा-कचेऱ्यांतूनही गेली. मोडीची जोडून लिहिण्याची लपेट खिळ्यांत बसवणं अवघड होतं, तेव्हा बदल समजण्याजोगा होता. चूक वेगळ्या ठिकाणी झाली. जुना मजकूर नव्या लिपीत आणण्याची जबाबदारी कुणाचीच ठरली नाही. म्हणून आज दफ्तरखान्यांत मोडी कागदांचे ढीग आहेत आणि वाचणारे थोडे. 2014मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, पण त्या जागेत भरायचा मजकूर अजूनही कागदावरच आहे.

या दोन दाखल्यांतून एक गोष्ट ठसते. यंत्रणा बदलावी की नाही, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आपण सांभाळत असलेला मजकूर यंत्रणेविना जगू शकतो का, हा पहिला. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर यंत्रणा बदलणं धोक्याचं आणि न बदलणंही तितकंच धोक्याचं. कारण एक दिवस ती यंत्रणा स्वतःच निघून जाते.

गीतेच्या बाराव्या अध्यायात अर्जुन विचारतो की सगुणाची उपासना करणारे श्रेष्ठ की निर्गुणाची. त्यावर बोलताना विनोबा रामायणातल्या दोन भावांकडे वळतात. लक्ष्मण सतत रामाजवळ राहिला. नाशिककरांना हे सांगावं लागत नाही, पंचवटीच्या कथा त्याच्यावाचून पुऱ्या होत नाहीत. भरत मात्र दूर राहिला, पादुका समोर ठेवून त्याने राज्य चालवलं, आणि ते आपलं नाही हे क्षणभरही विसरला नाही. विनोबांना दोन्ही भक्ती सारख्याच मोलाच्या वाटतात. साधनाशी असलेल्या नात्यालाही ही दोन रूपं आहेत. एकाला ओळखीचं यंत्र, ओळखीचा पडदा, ओळखीची कळ जवळ हवी. दुसरा यंत्रापासून थोडा अलिप्त राहतो आणि सोपवलेलं सांभाळतो. हाताला लक्ष्मणाची निष्ठा शोभते, पण दुकान चालवणाऱ्याला भरतही व्हावं लागतं, कारण त्याच्या संगणकात साठलेला मजकूर बहुतांशी त्याचा नसतो. गावच्या संस्थांचे ठराव, एखाद्या शिक्षकाने लिहिलेला गावाचा इतिहास, भजनी मंडळाची वही, हौसेने काढलेला कवितासंग्रह. हे लोकांनी विश्वासाने ठेवायला दिलेलं धन आहे.

मोसम खोऱ्यात हा विश्वास आणखी जड होतो, कारण इथे घरात अहिराणी बोलली जाते. प्रमाण मराठीचा मजकूर शहरांत, विद्यापीठांत, वृत्तपत्रांत अनेक ठिकाणी टिकेल. अहिराणीतली गाणी, ओव्या, गोष्टी मात्र ज्या थोड्या हातांतून छापल्या जातात, त्यांत गावातली छोटी दुकानंच मोठी आहेत. तिथली एखादी हार्ड डिस्क बिघडली किंवा जुना फाँट नव्या यंत्रावर उघडला नाही, तर जे जातं त्याची दुसरी प्रत असेलच असं नाही.

मग तीन वाटांकडे आता जरा शांतपणे पाहता येतं. गीताच सांगते की प्रत्येक कर्माला काही ना काही दोष चिकटलेला असतोच, जसा अग्नीला धूर. विंडोजवर राहण्यात फायदा असा की दुकानातली बाकीची कामं तिच्याभोवतीच गुंफलेली आहेत. व्यापाऱ्यांचा टॅली विंडोजवरच चालतो, जुन्या प्रिंटरांचे आणि ठसे घेणाऱ्या उपकरणांचे ड्रायव्हर बहुधा तिच्यासाठीच बनलेले असतात. दोष असा की आधार कधी काढायचा हे वापरणारा ठरवत नाही. मॅकचा पडदा आणि रंग देखणे, कोरलड्रॉही 2019पासून पुन्हा मॅकवर आला आहे. पण अ‍ॅपलने आपल्या संगणकांचे प्रोसेसर 1994, 2006 आणि 2020 असे तीनदा मुळापासून बदलले, आणि 2019च्या कॅटलिना आवृत्तीत 32-बिटचे सगळे जुने प्रोग्रॅम एका झटक्यात बंद पडले. तिथे जाणाऱ्याला पुन्हा पुन्हा बदलायची तयारी ठेवावी लागते. लिनक्स जुन्या यंत्रालाही नवं आयुष्य देतं आणि परवान्याचे पैसे मागत नाही. इंकस्केप, स्क्रायबस, लिबरऑफिस यांवर पुष्कळ काम होतं. मात्र स्क्रायबसमध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट उमटायला बरीच वर्षं जावी लागली, आणि कोरलच्या जुन्या फायली तिथे उघडताना मांडणी हलू शकते.

एक गोष्ट या हिशोबात सहसा बोलली जात नाही. ती बोलायलाच हवी. विनापरवाना प्रतींवर चालणारी दुकानं आपल्याकडे थोडी नाहीत. 2013पासून अ‍ॅडोबीने आपले मोठे प्रोग्रॅम वर्गणीवर नेले, आणि ती वर्गणी खेड्यातल्या धंद्याला जड आहे हे खरं. तरीही अस्तेय हे आपल्या परंपरेतलं मूळ व्रत आहे, गांधी-विनोबांच्या एकादशव्रतांत ते आहे, आणि पैसे परवडत नाहीत एवढ्याने ते सैल होत नाही. पूर्वी प्रामाणिक राहायचं तर धंदाच बंद करावा लागला असता. आज तसं नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे उत्तम देवनागरी फाँट खुल्या परवान्यावर विनामूल्य मिळतात. साधनं फुकट आणि शुद्ध मार्गाने मिळत असताना चोरीची वापरणं, याला आता गरिबीचं कारण पुरत नाही.

साधनाला नीतीची कसोटी लावायची कशी, याचा एक नमुना गांधीजींनी घालून दिला. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींना 1924मध्ये शांतिनिकेतनच्या एका तरुणाने विचारलं की सगळ्याच यंत्रांना तुमचा विरोध आहे का. त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान दिला. बायकोचे कष्ट पाहून झालेल्या मायेतून ते यंत्र जन्मलं, असं ते म्हणाले. यंत्राने माणसाचे अवयव निकामी करू नयेत, माणूस यंत्राचा धनी राहावा, ही त्यांची कसोटी. स्टॉलमन यांची कसोटी तिच्याशी मिळतीजुळती आहे, फक्त ती अधिक कडक आहे.

त्या कडकपणाला सटाण्याच्या भूमीत एक वेगळं उत्तर मिळतं. नामपूरच्या बागलाण तालुक्याचं ठिकाण सटाणा, आणि सटाण्याचं दैवत म्हणजे देवमामलेदार यशवंतराव महाराज. एकोणिसाव्या शतकात इथे मामलेदार असलेल्या यशवंतराव भोसेकरांनी 1870-71च्या दुष्काळात सरकारी खजिन्यातला पैसा उपाशी माणसांना वाटला. पुढे खजिना तपासला तेव्हा तो भरलेलाच निघाला, अशी भक्तांची श्रद्धा आहे. हुद्दा, तिजोरी, नियम ही त्यांची साधनं होती. रयत जगवणं हे त्या हुद्द्याचं प्रयोजन. दोहोंत विरोध आला तेव्हा त्यांनी प्रयोजन धरलं. म्हणून यंत्रणेच्या बाबतीतही शुद्ध तत्त्व म्हणून लिनक्सवर उडी घ्यावी आणि लग्नसराईत गिऱ्हाइकाला पत्रिका वेळेवर देता येऊ नये, हा धर्म नव्हे. तसंच, सोय म्हणून जुन्याला चिकटावं आणि दहा वर्षांनी लोकांचा मजकूर उघडता येऊ नये, हाही धर्म नव्हे.

मोठ्या संस्थांचा अनुभव इथे उपयोगी पडतो. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने 2003पासून लिनक्सकडे जायचं ठरवलं आणि 2013पर्यंत सुमारे 15,000 संगणक तिकडे नेले. 2017मध्ये तिथल्या सभेने विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने मात्र 2024मध्ये 30,000 संगणकांसाठी मुक्त प्रोग्रॅमांची वाट धरली. इकडे केरळच्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर धरलं आणि ते टिकलं. केरळमध्ये यंत्रांबरोबर शिक्षकांचं प्रशिक्षण आणि मल्याळममधली पाठ्यपुस्तकंही आली, म्हणून बदल वर्गापर्यंत पोचला. शिकवण्याची सोय नसलेला बदल माणसावर लादला जातो, आणि लादलेलं पहिल्या अडचणीत गळून पडतं.

नामपूरच्या दुकानदाराला इतकी मोठी पावलं टाकायची नाहीत. त्याच्यासाठी क्रम महत्त्वाचा. आधी जुन्या फायली काढाव्यात, श्रीलिपी-आयएसएममधला मजकूर रूपांतराच्या साधनांनी युनिकोडमध्ये न्यावा आणि डोळ्यांनी वाचून तपासावा, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं चुकतात. अंतिम मांडणीची पीडीएफ प्रत वेगळी ठेवावी. दोन ठिकाणी साठवण करावी. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स काही काळ चालवून पाहावं, तेही गिऱ्हाइकांची गर्दी नसताना, यंत्रातलं काहीही न पुसता. टॅलीसारखं काम विंडोजशिवाय होत नसेल तर त्यासाठी एक विंडोज यंत्र राहू द्यावं, आणि आधार संपलेलं यंत्र इंटरनेटपासून तोडून फक्त जुन्या फायली उघडायला ठेवावं. घरगुती संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष, 13 ऑक्टोबर 2026पर्यंत दिल्या आहेत. संस्थांना पैसे भरून त्या तीन वर्षं मिळतात. हा अवधी निर्णय टाळण्यासाठी वापरता येतो, किंवा मजकूर मोकळा करण्यासाठी.

यात एकट्या दुकानदारावर सगळा भार टाकणंही बरं नाही. ग्रामपंचायती, शाळा, सोसायट्या, देवस्थानं यांनी कामाचे पैसे देताना छापील प्रतींबरोबर युनिकोडमधली फाईलही मागितली, तर बदलाला कारण मिळतं आणि दुकानदाराला त्या कष्टाचं मोलही. बागलाणातली महाविद्यालयं आणि ग्रंथालयं अहिराणीतल्या छापील पुस्तिकांच्या अशा प्रती जमा करून घेऊ शकतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. मागणारा एक माणूस आणि ठेवून घेणारी एक संस्था लागते. पुढच्या हंगामाच्या पत्रिका कोणत्या यंत्रावर जुळवायच्या हे त्यानंतर दुकानदाराने आपल्या हाताला आणि खिशाला विचारून ठरवावं. गेल्या वीस वर्षांत त्याने जुळवलेलं जे काही आहे, ते मात्र त्या निर्णयाची वाट न पाहता आताच बाहेर काढायला घ्यावं.